विश्लेषण : ‘तुमचा आयपी ॲड्रेस सापडला आहे’ अशी धमकी आली तर घाबरायचे का?

‘तुमच्या आयपी ॲड्रेसवरून आक्षेपार्ह चित्रफिती पाहिल्या गेल्या आहेत.’ ‘तुमचा आयपी ॲड्रेस मनी लाँड्रिंगच्या गुन्ह्यात सापडला आहे.’ ‘डिजिटल अटके’च्या फोनमध्ये, ई-मेलने येणाऱ्या बनावट नोटिशीत आणि मोबाइलचा पडदा अडवून बसणाऱ्या खोट्या ‘सरकारी’ पानावर अशी वाक्ये आता ठरलेली असतात. पाठोपाठ आकड्यांची एक रांग दाखवली जाते. तपासून पाहिले तर ती रांग खरोखर आपल्याच फोनची निघते आणि तिथेच माणसाचा धीर सुटतो. समोरच्याला एवढे कळले म्हणजे त्याला सगळेच कळले असणार, असे वाटू लागते. प्रत्यक्षात हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

आयपी ॲड्रेस म्हणजे काय?

इंटरनेटवर काहीही मागवायचे तर उत्तर कुठे पाठवायचे हे समोरच्या संगणकाला कळावे लागते. त्यासाठीचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. बातमीचे संकेतस्थळ उघडा, रेल्वेचे तिकीट काढा किंवा यूट्यूबवर गाणे लावा, प्रत्येक वेळी तुमचा हा पत्ता पलीकडे जातोच. तो दिल्याशिवाय पान उघडणारच नाही. म्हणजे हा पत्ता चोरावा लागत नाही. तुम्ही दिवसभरात उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाकडे आणि बहुतेक प्रत्येक ॲपकडे तो आधीच पोहोचलेला असतो.

धमकावणारे पान तुमचा आयपी दाखवते ते याच कारणाने. ते पान उघडले, तेव्हा तुमच्याच फोनने तो त्याला दिला. त्यावरून शहराचा अंदाज काढून देणाऱ्या सेवा फुकट मिळतात. ‘तुमचे शहर, तुमची इंटरनेट कंपनी, तुमचा आयपी’ ही यादी तयार करायला सीबीआय लागत नाही, चार ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

आयपी ॲड्रेस आणि फोनचा आयएमईआय क्रमांक यांचीही अनेकदा गल्लत होते. आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक हँडसेटचा असतो, *#०६# दाबले की दिसतो आणि सिम बदलले तरी तोच राहतो. मोबाइल नंबर सिमचा. आयपी ॲड्रेस मात्र ना हँडसेटचा ना सिमचा, तो त्या क्षणीच्या जोडणीचा असतो. घरच्या वाय-फायवर एक, मोबाइल डेटावर दुसरा, ऑफिसात तिसरा.

मग एकाच फोनवर दोन वेगळे आयपी का दिसतात?

फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या तपशिलात पाहिले तर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो. ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असे शोधले तर भलताच आकडा येतो. दोन्ही बरोबर असतात.

मोठ्या गृहनिर्माण सोसायटीची कल्पना करा. रस्त्यावरून येणाऱ्यासाठी पत्ता एकच, मुख्य गेटचा. आत चारशे फ्लॅट. कुरियरवाला गेटपर्यंत येतो, पुढे पाकीट कोणत्या फ्लॅटचे हे वॉचमनला ठाऊक असते. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा हा आतला फ्लॅट क्रमांक आहे. देशभरातल्या लाखो घरांत हाच आकडा असतो आणि बाहेरच्याला त्याचा काही उपयोग नाही. बाहेर दिसतो तो गेटचा पत्ता.

ही व्यवस्था करावी लागली, कारण पत्ते पुरेनात. आज ज्याला आयपीव्ही-४ म्हणतात तो नियम १९८१ मध्ये ठरला, तेव्हा जगात मोजके संगणक एकमेकांना जोडलेले होते. त्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. तेवढे कायमचे पुरतील असे तेव्हा वाटले असावे. पण खिशाखिशात फोन आले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. मोबाइल कंपन्यांपुढे ग्राहक कोट्यवधी आणि पत्ते थोडे. त्यांनी सोसायटीचा उपाय गावभर लावला. एका बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो, कधी हजारो ग्राहक बसवले. कोणाची मागणी कोणाकडे परत पाठवायची याची नोंद कंपनीची यंत्रणा ठेवते, म्हणजे वॉचमनच्या रजिस्टरसारखीच.

कायमचा उपाय म्हणून आयपीव्ही-६ आले. त्यात पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी, म्हणजे व्यवहारात न संपणारी. रिलायन्स जिओची फोर-जी सेवा २०१६ मध्ये आली ती आयपीव्ही-६ घेऊनच. भारत आज हे तंत्र वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत आहे. त्यामुळे तुमच्या फोनला बऱ्याचदा लांबलचक, आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेला स्वतःचा पत्ताही मिळालेला असतो. मात्र जुन्या पद्धतीच्या साइट उघडताना तो पुन्हा सामायिक गेटमधूनच बाहेर पडतो. शिवाय आयपीव्ही-६ चा पत्ताही एकच राहत नाही. त्याचा शेवटचा भाग फोन ठरावीक काळाने बदलत राहतो, ती सोय माग काढणे अवघड व्हावे म्हणूनच केलेली आहे. मोबाइल डेटा चालू असताना फोन काही सेकंद विमान मोडमध्ये टाकून परत काढला, तर अनेकदा नवा आयपी मिळतो. हा प्रयोग कोणीही करून पाहू शकतो.

आयपीवरून घर सापडते का?

नाही. आयपीवरून ठिकाण दाखवणाऱ्या सेवा अंदाज बांधतात. कोणता गठ्ठा कोणत्या कंपनीकडे आहे आणि ती तो साधारण कुठे वापरते, यावर त्यांची यादी बनते. सांगली किंवा हिंगोलीत बसून मोबाइल डेटा वापरणाऱ्याचे ठिकाण अनेकदा मुंबई किंवा दुसरेच मोठे शहर दिसते, कारण कंपनीचे ‘गेट’ तिथे असते. फोनमधले जीपीएस तुम्हाला इमारतीपर्यंत शोधते, पण त्यासाठी ॲपला ‘लोकेशन’ची परवानगी तुम्ही द्यावी लागते. आयपी त्याच्या जवळपासही जात नाही.

हा अंदाज किती घातक ठरू शकतो, ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराने पाहिले. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीला काही पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढेच ठाऊक होते. तिने अशांसाठी देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू ठरवून टाकला. तो नेमका पॉटविन या गावाजवळच्या शेतात पडला. तब्बल ६० कोटी आयपी पत्ते त्या एका शेतावर दाखवले जाऊ लागले. हरवलेली माणसे, चोरीचे व्यवहार, फसवणुकीचे मेल यांचा माग काढत पोलीस, कर अधिकारी आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षे त्या घराच्या दारात येत राहिले. २०१६ मध्ये पत्रकारांनी याचा उलगडा केला, तेव्हा कंपनीने तो बिंदू हलवून एका तलावात नेला.

पोलिसांना तरी माणूस सापडतो का?

सापडतो, पण थेट नाही. पोलीस संकेतस्थळाकडून किंवा ॲपकडून आयपी आणि वेळ घेतात. तो गठ्ठा कोणत्या इंटरनेट कंपनीचा हे उघड असते. मग त्या कंपनीला विचारणा होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली अशी नोंद मागवता येते. कंपनी आपले रजिस्टर पाहून सांगते, त्या वेळी तो पत्ता अमुक ग्राहकाकडे होता. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून दूरसंचार कंपन्यांना अशा नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात.

सगळे वजन ‘त्या वेळी’ या शब्दांवर आहे. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली घड्याळे साडेपाच तास पुढे. सकाळचे दहा आणि रात्रीचे दहा यांची अदलाबदल झाली, तारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी अशी लिहिली गेली, तरी रजिस्टरमधला माणूस बदलतो. पत्ता सामायिक असेल तर आयपी आणि वेळ एवढ्यानेही भागत नाही. जोडणीचा ‘पोर्ट’ क्रमांकही लागतो, म्हणजे गेटमधून कोणत्या खिडकीतून पाकीट बाहेर गेले ते. तो अनेक संकेतस्थळे नोंदवतच नाहीत. युरोपीय संघाची पोलीस संघटना युरोपोलने २०१७ मध्ये नेमकी हीच तक्रार मांडली होती. एका आयपीमागे इतकी माणसे असतात की गुन्हेगार निवडताच येत नाही आणि निरपराध लोक मात्र चौकशीच्या जाळ्यात येतात.

महाराष्ट्राला हे त्याच्या दहा वर्षे आधीच कळायला हवे होते. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी २००७ च्या ऑगस्टअखेरीस बेंगळुरूतल्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. आधार होता आयपी ॲड्रेस. गूगलने आयपी दिला, इंटरनेट कंपनीने त्यावरून ग्राहकाचे नाव दिले. तरुण सांगत राहिला की आपला याच्याशी संबंध नाही. तो सुमारे ५० दिवस येरवडा कारागृहात राहिला. पुढे उघड झाले, की कंपनीने दिलेला तपशील चुकीचा होता आणि त्या वेळी तो पत्ता या तरुणाकडे नव्हताच.

त्या प्रकरणात आयपी खोटा नव्हता, आकडाही बरोबर होता. रजिस्टरमधली ओळ चुकीची वाचली गेली, आणि ती वाचणाऱ्याला आपण माणूस शोधत नसून जोडणी शोधत आहोत याचे भान राहिले नाही.

जोडणी आपली आणि गुन्हा दुसऱ्याचा, असे होते का?

पुण्याच्या प्रकरणाला वर्षही झाले नव्हते, तोच नवी मुंबईत त्याची दुसरी बाजू दिसली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने वृत्तवाहिन्यांना मेल गेला. त्याचा आयपी शोधत पथक पोहोचले ते सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर, तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या दारात. या वेळी रजिस्टर अचूक होते. मेल त्याच जोडणीवरून गेला होता. पण त्याच्या वाय-फायला संरक्षण नव्हते आणि जवळपास थांबलेल्या कोणीतरी ते वापरले होते. त्या माणसाचा कटाशी संबंध आढळला नाही, तरी त्याची कसून चौकशी व्हायची ती झालीच. पुढच्या काही आठवड्यांत माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरूनही तसेच मेल गेले.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायसाठी सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी इंटरनेट देताना वापरणारा कोण हे नोंदवलेच पाहिजे, असे त्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू झाले. तिथे आधी मोबाइल नंबर आणि मग ओटीपी मागतात, त्यामागचे कारण हेच आहे. तो ओटीपी म्हणजे गेटवरच्या रजिस्टरातली तुमची सही.

सानपाड्यातला धोका आज वेगळ्या रूपात खिशातच असतो. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून एसटीत शेजारी बसलेल्याला ‘दोन मिनिटांसाठी’ पासवर्ड दिला, तर त्या दोन मिनिटांत तो जे करेल ते तुमच्या नावावर नोंदले जाते. मदत करू नये असे नाही. पण पासवर्ड नंतर बदलावा आणि हॉटस्पॉट बंद करावा, एवढे तरी करायलाच हवे. घरच्या वाय-फायचा पासवर्ड पाच वर्षे तोच असेल, तर तो आतापर्यंत इमारतीतल्या किती मुलांकडे पोहोचला असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आयपी कळला तर हॅकर फोनमध्ये शिरतो का?

केवळ आयपी हाती असून व्हॉट्सॲपचे संदेश वाचता येत नाहीत, बँक खाते उघडता येत नाही, कॅमेरा सुरू करता येत नाही, ओटीपी मिळत नाही. मोबाइल डेटावर असताना बाहेरून कोणी तुमच्या आयपीवर ‘धडक’ दिली तरी ती बहुधा कंपनीच्या गेटवरच थांबते. आत चारशे फ्लॅट आहेत, पाकीट कोणाचे ते वॉचमनला ठाऊक नाही, म्हणून तो ते परत पाठवतो.

घरच्या वाय-फायवर गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे गेटवर उभा असतो तो तुमचा राउटर. तो जुना असेल आणि त्याचे लॉगिन कारखान्यातून आले तसेच ‘ॲडमिन-ॲडमिन’ असेल, तर दार उघडेच आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असे लाखभराहून अधिक कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कोणतीही जादू नव्हती, कारखान्यात दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या फौजेने केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास अडखळल्या. आपला राउटर त्या फौजेत भरती झाला आहे, हे त्यांच्या मालकांना कळलेही नव्हते.

आयपीचा वापर त्रास देण्यासाठी होतो तो मुख्यतः दोन प्रकारे. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांमध्ये हरलेला गडी समोरच्याच्या आयपीवर निरर्थक मागण्यांचा लोंढा सोडून त्याचे इंटरनेट तुंबवतो. दुसरा प्रकार पाळतीचा. ‘हा फोटो तुझाच आहे का?’ असा संदेश आणि खाली लिंक. लिंक उघडली की फोटो येतो किंवा येत नाही, पण पाठवणाऱ्याला तुमचा आयपी, फोनचा प्रकार आणि वेळ मिळते. भांडण झालेला माजी जोडीदार, वसुली एजंट, बनावट प्रोफाइलवाला असे लोक याचा वापर करतात. हाती येते ते शहर आणि कंपनी एवढेच. पण ‘तू गावी आहेस, मला माहीत आहे’ असे म्हणायला ते पुरते, आणि पुढची भीती ऐकणारा स्वतःच घालून घेतो.

पैसे जातात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने. ‘आरटीओ चलन’, ‘वीजबिल अपडेट’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते. ती उघडली, ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्या’ला होकार दिला, मग एसएमएस आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी दिली, की तो माणूस फोनच्या आत आलेला असतो. ॲक्सेसिबिलिटी ही दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी सोय आहे. ती हाती असलेले ॲप पडद्यावरचे सगळे वाचते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. या सगळ्या प्रवासात आयपी ॲड्रेस कुठेच लागत नाही. दार तुम्ही आतून उघडलेले असते.

आपला आयपी भाड्याने जाऊ शकतो का?

हा धोका अजून फारसा ओळखला गेलेला नाही, आणि एरवी ज्या आयपीची उगाच भीती घातली जाते त्याबद्दल खरी काळजी इथे करायला हवी. गुन्हेगाराला स्वतःच्या आयपीवरून गुन्हा करायचा नसतो. त्याला हवा असतो एखाद्या सर्वसामान्य घराचा, कोणाला संशय न येणारा पत्ता. असे पत्ते जमवून विकण्याचा धंदाच आहे.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडल्याचे जाहीर केले. सुमारे १९० देशांमधले १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते त्यात होते. लोक त्यात अडकले कसे? मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशा नावांची फुकट व्हीपीएन त्यांनी आपल्या संगणकावर हौसेने उतरवली होती. सुरक्षेसाठी घेतलेली ही साधने गुपचूप त्यांचीच जोडणी परक्यांना भाड्याने देत होती. करोनाकाळातल्या सरकारी मदतीवर डल्ला मारणाऱ्यांनी या पत्त्यांआड राहून अर्ज भरले होते.

ते विंडोज संगणक होते. पुढची पाळी अँड्रॉइडची आली. जून २०२५ मध्ये एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल इशारा दिला. स्वस्तातले टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम यांत कारखान्यातूनच किंवा पहिल्या जोडणीच्या वेळी घुसखोर प्रोग्रॅम बसवला जात होता. पुढच्याच महिन्यात गूगलने या टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा बाधित उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला होता. ही उपकरणे अँड्रॉइडवर चालणारी, पण गूगलचे प्रमाणपत्र नसलेली होती. ‘सगळे चॅनेल आणि सगळे ओटीटी आयुष्यभर फुकट’ म्हणत विकला जाणारा टीव्ही बॉक्स घरच्या वाय-फायला जोडण्याआधी हे लक्षात घेतलेले बरे. सानपाड्यात परका माणूस इमारतीजवळ यावा तरी लागला होता. इथे तो जगात कुठेही बसलेला असू शकतो.

मग व्हीपीएन घ्यायचे की नाही?

व्हीपीएनमुळे संकेतस्थळाला तुमच्या आयपीऐवजी व्हीपीएन कंपनीचा आयपी दिसतो. पण तुमची सगळी ये-जा मग त्या कंपनीच्या हातून होते. विश्वास संपत नाही, फक्त एका दारातून दुसऱ्या दारात जातो. फुकट व्हीपीएनचा खर्च कोण भरतो हा प्रश्न वरच्या उदाहरणानंतर वेगळा विचारायला नको. भारतात ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे आणि त्यांना दिलेले आयपी पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले.

ऑफिसने दिलेले व्हीपीएन कामासाठी वापरावे. बाकीच्यांना बँकेचे व्यवहार करायला त्याची गरज नसते. बँकेचे ॲप आणि एचटीटीपीएसने सुरू होणारी पाने आधीच सांकेतिक भाषेत बोलतात. स्टेशनवरच्या वाय-फायवरही मधल्याला मजकूर वाचता येत नाही. तिथे भीती असते ती खऱ्यासारखेच नाव लावून उभ्या केलेल्या नकली वाय-फायची. ओटीपीच्या जागी तो जीमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक मागू लागला, की लगेच बाहेर पडावे.

फोनमध्ये आज काय बदलता येईल?

व्हॉट्सॲपवर कॉल करताना आवाज बऱ्याचदा एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांचा आयपी काढता येतो. तो लपवण्याची सोय नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात सर्वांत खाली ‘ॲडव्हान्स्ड’, तिथे कॉलमध्ये आयपी ॲड्रेस सुरक्षित ठेवण्याचा पर्याय आहे. आवाजाचा दर्जा किंचित घसरू शकतो. ओटीपी, एपीकेइतके हे तातडीचे नाही, पण अनोळखी नंबरवरून कॉल घ्यावे लागणाऱ्या पत्रकार, वकील, दुकानदार यांनी ते सुरू करायला हरकत नाही.

घरच्या राउटरचे लॉगिन बदलणे हे मात्र याच आठवड्यातले काम. फोन वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टाकला की त्याचे पान उघडते. तिथे दोन वेगळे पासवर्ड असतात, एक वाय-फायचा आणि एक राउटर चालवण्याचा. बहुतेक घरांत पहिला बदललेला असतो, दुसरा नाही. जमत नसेल तर इंटरनेट बसवणाऱ्या केबलवाल्याला सांगावे, तो पाच मिनिटांत करून देतो. फक्त नवा पासवर्ड आपण टाकावा.

‘तुमचा ब्राउझर लॉक झाला आहे, दंड भरा’ असे पान आले तर तो केवळ पडदाभर पसरलेला वेबचा एक तुकडा असतो. होम बटण दाबून चालू ॲपच्या यादीतून ब्राउझर सरकवून बंद करावा, नंतर ते पान परत उघडू नये. लहान मुलांच्या हाती फोन असताना हे पान हमखास येते, आणि भीतीपोटी ते घरात कोणाला सांगत नाहीत, म्हणून मुलांनाही हे आधीच दाखवून ठेवावे.

खरी नोटीस कशी ओळखायची?

भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही सांगितले. पोलीस व्हिडीओ कॉलवर अटक करत नाहीत, चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाहीत आणि ‘तपासणीसाठी’ खात्यातली रक्कम मागवून घेत नाहीत. गुप्तचर विभाग किंवा सायबर पोलिसांच्या लेटरहेडवर, तुमच्या आयपीवरून बालकांच्या अश्लील चित्रफिती पाहिल्याचा आरोप करणारी पत्रे फिरतात. पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने ती वारंवार बनावट ठरवली आहेत.

खरी चौकशी होऊ शकते, तिची पद्धत मात्र वेगळी असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली चौकशीस हजर राहण्याची नोटीस येते, तीत गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे आणि अधिकाऱ्याचे नाव असते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. फोनवरच्या माणसाने कितीही कलमे म्हणून दाखवली तरी फोन ठेवून आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वरही करता येते. पैसे गेले नसले तरी संशयास्पद कॉलची माहिती ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ विभागात देता येते.

आणि नोटीस खरी असून मुद्दा आयपी ॲड्रेसचाच असेल, तर वकिलाने पहिल्या दिवशीच लेखी विचारावे : तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत कोणती, ती भारतीय वेळ की जागतिक, पोर्ट क्रमांक नोंदला आहे का, आणि त्या वेळी त्या वाय-फायला कोणकोणती उपकरणे जोडलेली होती.